विसरण

लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने गेल्या महिन्यात मला एक साधा प्रश्न विचारला, आणि तो काही डोक्यातून जात नाही. मी संगणकासमोर बसले होते, ती खुर्चीमागे उभी. पडद्यावर आमचा नेहमीचा आलेख: पेशी मिसळलेल्या जेलमध्ये वरून खाली जावं तसतसा ऑक्सिजन कसा कमी होत जातो ते दाखवणारी एक उतरती रेघ, आणि तिच्यावर शहाण्या मुलांसारखे ओळीने बसलेले मोजमापांचे ठिपके. मी तिला समीकरण समजावून सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पण या पेशी दिसतात कशा?" मी मान न वळवता, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायच्या सवयीने म्हणाले, "सरासरी व्यास १४ मायक्रॉन." ती क्षणभर थांबली. "हो, पण दिसतात कशा?" मग मी फोल्डर उघडला. त्यात हजारो चित्रं होती. पहिलंच उघडलं तर काळ्यावर पांढरे डाग. पेशींचे फोटो नव्हतेच ते. पेशी कुठे आहेत हे ठरवून माझ्या प्रोग्रामने रंगवलेल्या जागा होत्या. मूळ फोटो कुठल्याशा हार्ड डिस्कवर. "शोधून दाखवते," मी म्हणाले. "असू दे, असू दे," असं म्हणत ती हातमोजे चढवायला निघून गेली. ती प्राणिशास्त्रातून आली आहे.

मीसुद्धा तिथूनच आले.

पदवीच्या काळात माझा एक डोळा कायम मायक्रोस्कोपला चिकटलेला असायचा. दुसरा मिटायचा नाही, उघडा ठेवून कागदावर धरायचा. आठवडाभर डोकं दुखतं, मग सवय होते. पेन्सिलीचं टोक सुईसारखं हवं. रेघ एकसलग हवी, केसाळ नको. छटा द्यायची नाही. गडद भाग दाखवायचा असेल तर ठिपके, अजून गडद असेल तर अजून ठिपके. चित्राच्या खाली उजवीकडे किती पट मोठं करून पाहिलं ते लिहायचं. पॅरामेशियम काढायला दिलं होतं तेव्हा ते सारखं नजरेच्या गोलातून निसटायचं, म्हणून स्लाइडवर कापसाचे दोन-चार तंतू टाकून त्याची वाट अडवायची. ते तंतूला धडकायचं, जरा मागे सरकायचं, अंग थोडं वळवायचं आणि पुन्हा पुढे. मी कंटाळून पुस्तकातल्यासारखं, चपलेच्या तळव्याच्या आकाराचं सुबक पॅरामेशियम काढून मोकळी झाले. बाईंनी कागद बघितला, मग वाकून आयपीसमधून बघितलं, आणि माझ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुला माहीत असलेलं आहे. दिसतंय ते काढ."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "समजा, पेशी म्हणजे १० मायक्रॉन व्यासाचा एक गोळा आहे." मी हसले. मोठ्याने नाही, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. आणि मग अंगात मुरलेल्या सवयीने हात वर करून विचारलं, "कुठली पेशी?" तांबडी पेशी मधोमध चेपलेली असते, चेतापेशीचा तंतू कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभर लांब जाऊ शकतो, अमीबाला तर आकार म्हणून धरवतच नाही. हे सगळं मी बोलून दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "मग गोळा धरला तर उत्तर किती चुकेल?" वर्ग माझ्याकडे बघत होता. फरक पडतो हे मला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. तसं सांख्यिकी शिकले होते, पी व्हॅल्यू काढल्या होत्या, पण ते सगळं फरक आहे की नाही एवढ्यापुरतं. किती आणि तितकाच का, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही तो कुणाला विचारला नव्हता.

"ते अवलंबून असतं" हे जीवशास्त्रात अर्धं उत्तर मानलं जातं. परीक्षकसुद्धा मान डोलावतात. इकडे पुढचा प्रश्न तयारच असतो: कशावर, आणि कितव्या घाताने? नळीतून वाहणारा प्रवाह नळीच्या रुंदीवर अवलंबून असतो, हे मी सांगितलंच असतं. पण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. अरुंद झालेल्या रोहिण्यांची चित्रं मी कितीदा काढली होती, आतला थर पिवळ्या पेन्सिलीने रंगवला होता. त्या सोळाव्या हिश्श्याची धडकी मात्र कधी भरली नव्हती.

वाट का बदलली, असं लोक विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगते. नोकऱ्या, उपकरणांची आवड, संशोधनाला मिळणारा वाव. यातलं काहीच खोटं नाही. पण खरं कारण बाणांचं आहे. पेशीतल्या रासायनिक साखळ्या पाठ करता करता माझ्याकडे नुसते बाण साठले होते: हे त्याला जागं करतं, ते ह्याला थोपवतं. एक दिवस भिंतीवरच्या अशाच एका मोठ्या तक्त्यासमोर उभी असताना लक्षात आलं की यातल्या एकाही बाणाला वेग नाही. हे सेकंदात घडतं की दिवसात, तक्ता सांगत नव्हता. दोन बाण एकाच ठिकाणी उलटसुलट येऊन भिडले तर कोण जिंकतं, तेही नाही. मला पाठांतराचा कंटाळा आला होता असं मी तेव्हा म्हणायचे. खरं म्हणजे मला राग आला होता.

प्रवेश मिळाला, पण अटींसह. पूर्वतयारीचे विषय आधी पार करायचे, तेही पदवीच्या मुलांबरोबर बसून. कॅल्क्युलसची आणि माझी गाठ शाळा सुटली तेव्हाच सुटली होती. माझी वही खोडरबराच्या चुऱ्याने भरलेली, आणि शेजारचा मुलगा फळ्यावर यायच्या आधीच पुढची ओळ लिहून मोकळा. पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा संगणकाने तांबड्या अक्षरांत सुनावलं की तुझ्या दोन तक्त्यांची मापं जुळत नाहीत, आणि मी ते वाक्य निदान महिनाभर रोज वाचलं. पण सगळ्यात जास्त छळलं ते फ्री बॉडी डायग्रामने. टाचा उचलून उभ्या असलेल्या माणसाच्या पायावरची बलं दाखवा, असं गणित होतं. मी पायच काढला. घोटा, टाच, पोटरीचा स्नायू, बोटंसुद्धा, आणि तेही ठिपके देऊन. त्यावर जमिनीचा रेटा, स्नायूची ओढ, अंगाचं वजन, आणि शिवाय पाय जमिनीला देतो तो दाब. तपासणारा मुलगा माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असेल. त्याने इतक्या मेहनतीच्या चित्रावर लाल पेनने एवढंच लिहिलं: "कुठल्या वस्तूवर?" ढकलणारा आणि ढकलला जाणारा, दोघांनाही मी एकाच चित्रात बसवलं होतं, त्यांचे बाण एकमेकांना खाऊन टाकत होते.

तर आधी एक तुटक रेघ आखायची. तिच्या आतलं आपलं, बाहेरचं जग. आत काय आलं, बाहेर काय गेलं, आत किती तयार झालं, किती संपलं, आणि या जमाखर्चात उरलं ते साठलं. एकदा रेघ आखली की हिशेब जुळलाच पाहिजे. हे शिकायला मला एक अख्खं सत्र लागलं, आणि अडचण गणिताची नव्हती. जीवशास्त्रात सीमा बहुतेक वेळा आधीच आखलेली मिळते: पेशीला पटल, प्राण्याला कातडी, अंड्याला कवच. इथे ती मी ठरवायची, माझ्या सोयीने, जिथे हिशेब सोपा पडेल तिथे. मला त्यात उद्धटपणा वाटायचा. अजूनही कधीकधी वाटतो.

मग विसरण आलं. डिफ्यूजनला मराठीत हा शब्द कुणी दिला मला ठाऊक नाही, पण त्या माणसाला दंडवत. वि-सरण, म्हणजे पसरत जाणं, हे कळतं. तरी वाचताना दर वेळी मला 'विसरणं'च ऐकू येतं. एखादा रेणू वाट विसरल्यासारखा इकडून तिकडे धडका खात फिरतो, त्यामुळे दुप्पट अंतर जायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. सूत्र अगदी छोटं: अंतराचा वर्ग, भागिले विसरण गुणांकाची दुप्पट. गृहपाठ होता, रात्री एकटीच बसले होते. पाण्यात लहान रेणूंसाठी तो गुणांक सेकंदाला १,००० चौरस मायक्रॉनच्या घरात असतो. आकडे घातले. १० मायक्रॉन, म्हणजे पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: सेकंदाचा विसावा भाग. १ मिलिमीटर: आठ मिनिटांहून थोडं जास्त. १ सेंटिमीटर: जवळजवळ १४ तास. १ मीटर: इथे मला वाटलं शून्यं जास्त पडली, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

साधारण १६ वर्षं.

हृदय का आहे हे मला त्या रात्री कळलं. तोवर मला हृदयाचे चार कप्पे माहीत होते, झडपांची नावं, कुठली शीर कुठे उघडते, बेडकाला तीनच कप्पे कसे, सगळं तोंडपाठ. पण हृदय असावंच लागतं, मीटरभर उंचीच्या जिवाला नुसत्या विसरणावर जगताच येणार नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि मी तेही बाणासारखं पाठ केलं असेल. शरीरातल्या बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनच्या आतच का असतात, जीवाणूला रक्ताभिसरण का लागत नाही, फुप्फुसाच्या पिशव्यांची भिंत इतकी पातळ का: एकामागून एक कुलपं उघडत गेली. खुर्चीवरून उठून मी खोलीत फेऱ्या मारल्या. आणि हे सगळं त्याच १० मायक्रॉनच्या गोळ्यातून निघालं होतं, ज्याला मी हसले होते. गोळ्याऐवजी वाटेल तो आकार घेतला असता तरी १६ वर्षांची काही १६ मिनिटं झाली नसती. सरांच्या 'किती'चं उत्तर मला दोन महिने उशिरा सापडलं.

या नियमांमागे फिक आहे हे समजल्यावर तर मला केवढा धीर आला. ॲडॉल्फ फिक शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. विसरणाचे नियम त्याने १८५५ मध्ये मांडले, ऐन पंचविशीत. चौथ्या घाताचा तो प्वाझय, तोही डॉक्टर. चेतातंतूतून संदेश किती वेगाने धावतो हे १८५०च्या सुमारास बेडकाच्या पायावर मोजणारा हेल्महोल्ट्झ आधी सैन्यात डॉक्टर होता. म्हणजे आपण परमुलखात आलेलोच नाही, हे आपलंच जुनं घर आहे, अशा थाटात मी काही आठवडे वावरले. शेजारच्या मुलांना ऐकवलंही. मग एक दिवस वाचलं की फिक विद्यापीठात गेला तो मुळात गणित शिकायला. वैद्यकाकडे तो नंतर वळला.

झालं.

इलेक्ट्रिकलमधून आलेला एक जण माझ्याबरोबर अभ्यास करायचा. पेशीपटलाचं मी केलेलं रसभरीत वर्णन, मेदाचे दोन थर, पाण्याकडे तोंड केलेली डोकी, आत वळलेल्या शेपट्या, त्यातून आरपार गेलेली प्रथिनं, हे सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे कपॅसिटर." सर्किटमधला, विद्युतभार साठवणारा एक साधा भाग, एवढंच. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, माझा नाही, पटलाचा. पण ते खरंच आहे; चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड, जवळजवळ कुठल्याही प्राण्याची पेशी घ्या. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये चेतातंतूतला विद्युत्स्पंद समीकरणांत पकडला तो पटलाला कपॅसिटर मानूनच. त्या स्पंदाचा आलेख, उणे ७० मिलिव्होल्टवरून वर उसळून परत खाली येणारा, मी डोळे मिटून काढू शकत होते. त्याच्यामागे एकमेकांत गुंतलेली चार डिफरन्शियल इक्वेशन्स आहेत हे माहीतच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ती संगणकावर सोडवली आणि पडद्यावर तो ओळखीचा उंचवटा आपोआप उमटला. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. तो म्हणाला, "स्टेप साइज जरा कमी कर, टोक नीट येत नाहीये."

आता उलट बाजूचं एक. प्रकल्प सुरू झाला तेव्हाची गोष्ट. एका रात्रीत जेलमधला ऑक्सिजन धाडकन खाली आला. सकाळी तिघे जण पडद्याभोवती जमले: सेन्सर सरकला असेल, कॅलिब्रेशन बिघडलं असेल, कोडमध्ये फिल्टर टाकून बघू. दुपारपर्यंत दोन फिल्टर टाकून झाले. मी इनक्युबेटरचं दार उघडलं. आतलं माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, एरवी गुलाबीसर लाल असतं; ते पिवळं पडलं होतं, आणि बाटली उजेडात धरली तर धूसर, तळाला धुकं साचल्यासारखं. झाकण सैल केल्यावर किंचित आंबूस वास. जीवाणू. रातोरात वाढले आणि ऑक्सिजन पिऊन बसले. सेन्सर बिचारा खरं सांगत होता. त्या दिवशी माझा भाव वधारला, पण त्याची किंमतही मीच मोजली. त्यानंतर पेशी वाढवायच्या असल्या की मी, माध्यम बदलायचं असलं की मी, रविवारी येऊन बघायचं असलं की मीच. मॉडेलच्या चर्चेला बसले की मात्र कुणीतरी प्रेमाने म्हणायचं, "हे आम्ही बघतो." मला ते लागलं. मग मी हट्टाने कोडकडे वळले, आणि पेशींचं काम हळूहळू दुसऱ्यांवर सोपवलं. चित्रं घेणारं यंत्र आपोआप घेतं, प्रोग्राम आपोआप मोजतो. गेल्या वर्षभरात मी आयपीसला डोळा लावल्याचं मला आठवत नाही. कुणी ओढून नेलं नव्हतं. मीच उठून गेले होते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर दोन-तीन दिवसांनी मी ती हार्ड डिस्क शोधली. मूळ फोटो एका बाजूला, प्रोग्रामचे पांढरे डाग दुसऱ्या बाजूला, असे लावून बघायला लागले. गोल पेशींवर बरोबर डाग होते. पण मध्ये मध्ये लांबट पेशी होत्या, दोन्हीकडे निमुळत्या, कुणी एका टोकाला पंजासारखी पसरलेली. जेलमध्ये वाट काढत सरकायला लागलेल्या पेशी अशा ताणल्या जातात. त्यांच्या जागी नुसता काळोख. मी कोड वर सरकवत गेले. आरंभीच्या दिवसांत, रात्री उशिरा कधीतरी लिहिलेली एक ओळ सापडली: गोलाई ०.७ पेक्षा कमी असेल ते वगळ. क्षेत्रफळाला चार पायने गुणून परिघाच्या वर्गाने भागलं की हा आकडा मिळतो. पूर्ण वर्तुळाला १, वेड्यावाकड्या आकाराला कमी. धूळ, बुडबुडे, एकमेकींना चिकटलेल्या जोड्या मोजल्या जाऊ नयेत म्हणून टाकली होती. कारण चांगलंच होतं. ओळीपुढची टीप माझ्याच शब्दांत होती: तात्पुरतं.

पेशी गोळ्यासारखी आहे असं समजा, या वाक्याला हसणाऱ्या मुलीने गोळ्यासारख्या नसलेल्या पेशी काढून टाकल्या होत्या. सरांनी निदान 'समजा' म्हटलं होतं.

ओळ बंद करून सगळं पुन्हा चालवलं, धूळ आणि बुडबुडे हाताने वगळले. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. जवळजवळ एक पंचमांश पेशी गाळल्या गेल्या होत्या. माझ्या मॉडेलमध्ये दर पेशीमागे ऑक्सिजनचा खप इतरांनी छापलेल्या आकड्यांपेक्षा नेहमीच थोडा जास्त यायचा, आणि प्रबंधाच्या मसुद्यात त्याचं कारणही मी ऐटीत लिहून ठेवलं होतं: जेलमध्ये पेशी अधिक क्रियाशील होत असाव्यात. पेशी जास्त खात नव्हत्या. खाणाऱ्या मी कमी मोजल्या होत्या. तो परिच्छेद खोडताना बरं वाटलं की वाईट, मला सांगता येत नाही. आलेखावरचे ठिपके आता पूर्वीइतके शहाण्यासारखे बसत नाहीत. खालच्या थरात दोन-तीन बरेच बाहेर उडालेत. त्यांचं काय ते अजून कळलेलं नाही.

काल सकाळी लवकर जाऊन मायक्रोस्कोप लावला. पेन्सिल मिळाली, टोक करायला काही मिळालं नाही, ब्लेडनेच केलं. दुसरा डोळा उघडा राहीना. आपोआप मिटायचा, मग हाताने पापणी धरून बसले. एक लांबट पेशी निवडली. एक बाजू पसरट, काठ थोडा कातरलेला, मध्ये केंद्रक एका अंगाला सरकलेलं, मागे बारीक होत गेलेली शेपटी, जी जेलच्या धाग्यांत कुठेतरी अडकलेली वाटत होती. हात जड झालाय. रेघ केसाळ आली. ठिपके देताना मात्र बोटांना सगळं आठवत होतं. खाली उजवीकडे किती पट ते लिहायला गेले आणि तिथे हाताने आपसूकच एक आडवी रेघ मारून शेजारी '१० मायक्रॉन' लिहिलं.

ती आली तेव्हा कागद टेबलावरच होता. तिने तो उचलून बघितला. मग काही न बोलता आयपीसवर वाकली, दुसरा डोळा उघडा ठेवून, सहज. बराच वेळ बघत राहिली.

"शेपूट याहून लांब आहे, ताई," ती म्हणाली.

मी खोडरबर शोधायला लागले.